एका ऊन शब्दाची वंशावळ

गेल्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. आठवीच्या निबंधांच्या वह्या आम्ही तपासत होतो. विषय 'माझी सकाळ' हा होता. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "आई मला आंघोळीसाठी हून पाणी देते." आम्ही तांबड्या शाईने 'हून' या शब्दावर काट मारली, त्याच्या डोक्यावर 'गरम' असे लिहिले आणि अर्धा गुण कापून पुढच्या वहीला हात घातला.

दुसऱ्या दिवशी वही हाती पडताच तो मुलगा टेबलापाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, आमच्या घरी सगळी 'हून उदक'च म्हणतात. तुमच्या घरीही तसेच म्हणत असतील. मग ते चूक कसे?"

आमचीही मातृभाषा कोंकणीच. त्याच दिवशी सकाळी आम्हीही न्हाणीघरात 'हून उदक' मागितले होते. "बोलण्यात चालते, लिहिण्यात चालत नाही," असे काहीतरी सांगून आम्ही त्या मुलाला जागेवर बसविले. तो बसला, परंतु प्रश्न काही बसेना. 'चूक' म्हणजे काय? ती चूक ठरविली कोणी? आणि एखादा शब्द चूक आहे असे शिक्षकाने ठरविले, तर पुढे त्या शब्दाचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस फार दूरच्या मुलखात मिळाले. आमचे आजोबा पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेले. वैशाखाच्या दुपारी पडवीत बसून विंझणाने वारा घेता घेता ते 'के कालोर!' असे उद्गारत. 'काय हा उकाडा!' असा त्याचा अर्थ. हा 'कालोर' शब्द पोर्तुगालचा खरा, पण त्याचे मूळ घराणे रोममधील. त्या घराण्याचा माग काढता काढता आमची गाठ एका जुन्या शिक्षकाशी पडली. शेकडो वर्षांपूर्वी त्यानेही आमच्यासारखीच एका शब्दावर काट मारली होती, आणि आश्चर्य असे की, तोही शब्द 'ऊन पाणी' याच अर्थाचा होता. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम त्या घराण्याची ओळख करून घेऊ. लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. तिच्यात 'कालेरे' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ तापलेले असणे. त्यापासून 'कालोर' हे नाम झाले. त्याचा अर्थ उष्णता. 'कालिदुस' हे विशेषण म्हणजे ऊन, तापलेला. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'कालिदा'. 'कालेन्स' म्हणजे तापत असलेला. 'कालेफाकेरे' म्हणजे तापविणे. आपल्याकडे 'तप्' या एका धातूपासून ताप, तप्त, तापणे, तापविणे अशी शब्दांची रांग उभी राहते, तसाच हा प्रकार होय.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. लॅटिन व संस्कृत या एकाच प्राचीन कुळातील भाषा असल्या, तरी 'कालोर' व 'ताप' हे सख्खे भाऊ नव्हेत. आपल्या 'ताप' शब्दाचा लॅटिनमधील खरा आप्त 'तेपोर' हा आहे. त्याचा अर्थ कोमटपणा. 'कालोर'चा दूरचा आप्त लिथुआनियन भाषेत सापडतो. तेथे 'शिल्तास' म्हणजे उबदार. रोमन लोकांच्या सार्वजनिक स्नानगृहांत निरनिराळ्या उष्णतेची दालने असत : थंड पाण्याचे 'फ्रीगिदारियुम', कोमट हवेचे 'तेपिदारियुम' आणि कढत पाण्याचे 'काल्दारियुम'. यांतील दुसरे नाव आपल्या 'तापा'च्या गोत्रातले. तिसरे आपल्या आजच्या कथानायकाचे.

त्या तिसऱ्या नावाकडे पुन्हा एकवार पाहा. मूळ विशेषण 'कालिदुस'. मग दालनाचे नाव 'काल्दारियुम' कसे? मधला 'इ' कोठे गेला? तो लोकांच्या बोलण्यात गळून पडला होता. 'कालिदुस'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असे. त्यामुळे त्याच्या पाठचे अक्षर दुबळे पडून नाहीसे झाले आणि लोक 'काल्दुस', 'काल्दा' असे म्हणू लागले. ऊन पाण्याला नुसते 'काल्दा' म्हणत. द्राक्षारसात मिसळून पिण्यासाठी रोमन लोक ते नेहमी वापरीत.

आता या दोन रूपांपैकी शुद्ध कोणते? या प्रश्नावर दोन साक्षीदार आपल्याला लाभले आहेत. पहिला साक्षीदार साक्षात सम्राट ऑगस्टस. इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेलेला वक्तृत्वशास्त्राचा आचार्य क्विंटिलियन याने त्याची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. ऑगस्टसचा नातू गायस हा त्याने दत्तक घेतलेला मुलगा. हा राजपुत्र 'कालिदुम' असे पूर्ण रूप वापरी. त्याला लिहिलेल्या पत्रांत सम्राटाने त्याबद्दल त्याचे कान उपटले आहेत. 'कालिदुम' हे लॅटिन नव्हे, असे त्याचे म्हणणे नव्हते; पण ते उगाच पंडिती व कानाला जाचक वाटते, 'काल्दुम' म्हणावे, असा त्याचा अभिप्राय होता. पृथ्वीपती म्हणविणारा सम्राट नातवाला सांगतो आहे की, लोक बोलतात तसे बोल!

दुसरा साक्षीदार मात्र अनामिक आहे. ऑगस्टसनंतर काही शतके लोटली, बोलण्याची लॅटिन व लिहिण्याची लॅटिन यांतील अंतर वाढत गेले, आणि कोणा एका शिक्षकाने सामान्य चुकांची एक यादी तयार केली. प्रोबस नावाच्या वैयाकरणाच्या नावावर मोडणाऱ्या लेखनाच्या हस्तलिखिताला ती जोडलेली सापडली, म्हणून तिला 'प्रोबसचे परिशिष्ट' म्हणतात. हे हस्तलिखित आज इटलीतील नेपल्स येथे आहे. यादीत सव्वादोनशेच्या आसपास जोड्या आहेत आणि साऱ्यांचा साचा एकच : अमुक म्हणावे, तमुक म्हणू नये. त्यांत ही जोडीही आहे : 'कालिदा' म्हणावे, 'काल्दा' म्हणू नये. ऊन पाण्याच्या शब्दावर गुरुजींनी काट मारली!

पुढे काय झाले ते इतिहास सांगतो. इ. स. ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयाला गेले. सैनिक, व्यापारी, शेतकरी यांच्या तोंडची लॅटिन निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वळणांनी वाढत गेली, आणि तिच्यातून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, रुमानियन अशा भाषा जन्मास आल्या. रोमच्या या लेकी म्हणून त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. या लेकींच्या घरी जाऊन ऊन पाणी मागा. इटालियन भगिनी 'आक्वा काल्दा' देईल. रुमानियन 'आपा काल्दा' देईल. फ्रेंच 'ओ शोद' देईल. तो 'शोद'ही 'काल्दा'चाच अवतार आहे, हे थोड्याच वेळात दिसेल. गुरुजींनी शुद्ध ठरविलेला 'कालिदा' यांपैकी एकीच्याही रोजच्या तोंडात नाही. ज्या शब्दावर काट मारली तोच जगला, वाढला आणि तीन राष्ट्रभाषांचा प्रमाण शब्द होऊन बसला.

आता 'काल्दा'चा 'शोद' कसा झाला ते पाहू. फ्रेंच उच्चार ऐकून हा शब्द वेगळ्याच कुळातला असावा असे वाटते; परंतु ध्वनींचे बदल मनमानी नसतात, ते नियमाने चालतात. लॅटिनमधील आरंभीच्या 'का'चा फ्रेंचमध्ये प्रथम 'च' व पुढे 'श' झाला. गाणे या अर्थाच्या 'कांतारे'चे 'शांते' झाले. शेत या अर्थाच्या 'कांपुस'चे 'शां' झाले. 'काप्रा' म्हणजे शेळी. तिची 'शेव्र' झाली. पोर्तुगीजने मात्र हा 'क' जतन केला. म्हणूनच गोव्यात आपण 'कांतार' म्हणतो, 'शांतार' म्हणत नाही. दुसरा नियम असा की, व्यंजनापूर्वीचा 'ल' फ्रेंचमध्ये विरघळून 'उ' झाला आणि मागच्या स्वराशी मिसळून त्याचा 'ओ' झाला. दुसरा या अर्थाच्या 'आल्तेर'चे 'ओत्र' झाले ते याच वाटेने. हे दोन्ही नियम 'काल्दा'ला लावून पाहा : 'काल्दा', मग 'चाल्द', मग 'चाउद', मग 'शोद'. गणितातल्या उदाहरणाप्रमाणे उत्तर बिनचूक येते. 'कालोर' या नामाचे फ्रेंचमध्ये 'शालर' झाले तेही त्याच 'का'च्या नियमाने.

'च'चा 'श' साधारणपणे तेराव्या शतकात झाला असे मानतात, आणि याचा पुरावा इंग्रजीत पडून आहे. त्यापूर्वी फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या शब्दांत 'च' राहिला. उदाहरणार्थ, खोली या अर्थाचा 'चेंबर', जो लॅटिन 'कामेरा'पासून आला. लॅटिन 'कालेफाकेरे'पासून तापविणे या अर्थाचे 'शोफे' हे फ्रेंच क्रियापद झाले. हे क्रियापद इंग्रजीत दोनदा गेले. पहिल्यांदा जुन्या काळी गेले आणि 'चेफ' झाले. घासून ऊब आणणे, कातडी घासली जाणे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्यांदा मोटारी आल्यावर गेले ते 'शोफर' होऊन. फ्रेंचमध्ये 'शोफर' म्हणजे मुळात भट्टीत कोळसा घालून तापविणारा. आगगाडीच्या इंजिनावरचा तो माणूस पुढे मोटारीवर आला. भट्टी गेली, नाव राहिले. आपण मराठीतही 'शोफर' म्हणतो, तेव्हा वस्तुतः त्याला 'तापव्या' म्हणत असतो!

सगळ्या लेकींनी 'काल्दा'च घेतला, असे मात्र नाही. स्पेन व पोर्तुगालकडील भाषांनी ऊन या अर्थी 'कालेन्स' हा दुसरा शब्द पसंत केला. लॅटिन नामे व विशेषणे लेकींच्या घरी बहुधा कर्मकारकाच्या रूपात आली. 'कालेन्स'चे ते रूप 'कालेन्तेम'. त्यापासून स्पॅनिश 'कालिएन्ते' व कातालान 'कालेन्त' झाले. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधील 'ल' गळतो. म्हणून 'कालेन्ते'चे 'काएन्ते' आणि अखेर 'केन्ते' झाले. स्पेनमध्ये ऊन पाणी म्हणजे 'आग्वा कालिएन्ते', पोर्तुगालमध्ये 'आग्वा केन्ते'.

मग 'काल्दुस' या द्वीपकल्पात नाहीसा झाला काय? नाही; तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत 'काल्दो' म्हणजे ऊन नव्हे, तर शिजवून काढलेला रस्सा, कढण. एखादा इटालियन प्रवासी माद्रिदच्या उपाहारगृहात 'काल्दो, काल्दो' म्हणत उकाड्याची तक्रार करू लागला, तर त्याच्यापुढे रश्श्याची वाटी यावयाची! या 'काल्दो'चे लाडके रूप 'काल्दिन्यो', म्हणजे छोटासा, पातळसा रस्सा. गोमंतकीय वाचकांना आता निराळे सांगावयास नकोच. नारळाच्या रसातील पिवळसर, पातळ असे जे 'कालदीन' आपल्या इकडे करतात, त्याचे नाव हेच. रोमच्या स्नानगृहातला शब्द लिस्बनच्या वाटेने आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

येथे एक मनोरंजक कोडे आहे. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला 'ल' गळतो, असे आम्ही वर म्हटले. दुःख या अर्थाच्या 'दोलोरेम'चे पोर्तुगीजमध्ये 'दोर' झाले. रंग या अर्थाच्या 'कोलोरेम'चे 'कोर' झाले. मग 'कालोरेम'चेही 'ल' गळून काही आखूड रूप उरावयास हवे होते. पण आमचे आजोबा तर स्पष्ट 'ल' उच्चारून 'कालोर' म्हणत! याचा उलगडा असा करतात की, हा शब्द विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून पाहून पुन्हा पूर्ण रूपात वापरात आणला. त्याचे लिंगही याला पुष्टी देते. लॅटिनमध्ये 'दोलोर', 'कोलोर', 'कालोर' हे तिन्ही पुल्लिंगी. पोर्तुगीज लोकांच्या तोंडी 'दोर' व 'कोर' स्त्रीलिंगी झाले. ग्रंथांशी जवळीक राखणारा 'कालोर' मात्र पुल्लिंगीच राहिला.

लिंगाचा विषय निघालाच आहे, तर त्याचीही मौज पाहू. इटालियनमध्ये 'कालोरे' पुल्लिंगी आहे. फ्रेंच 'शालर' व कातालान 'कालोर' स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये शिष्टसंमत रूप पुल्लिंगी 'एल कालोर' हे आहे. परंतु दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात सामान्य लोक 'ला कालोर' असे स्त्रीलिंगीच म्हणतात. जुन्या स्पॅनिश लेखनातही ते लिंग आढळते. म्हणजे आज वर्गात ज्याला ग्राम्य समजतात, तो प्रकार मागे साहित्यात वावरत होता. ही रुमानियन भगिनी पाहा : तिने उष्णता या अर्थी रोजच्या वापरासाठी 'काल्द' या विशेषणालाच नवा प्रत्यय लावून 'कल्दुरा' हे नाम घडविले. ज्याला जे हाती लागले, त्याने त्यावर संसार मांडला.

शब्दांचे अर्थही उष्णतेने वितळतात आणि नव्या साच्यात ओतले जातात. 'कालेरे'चे तृतीयपुरुषी रूप 'कालेत', म्हणजे 'तापते आहे'. त्याचा लाक्षणिक उपयोग होऊ लागला : अमुक गोष्ट मला तापविते, म्हणजे तिची मला धग लागते, म्हणजे तिची मला पर्वा आहे. आपणही 'जिवाला चटका लागला' असे म्हणतोच. जुन्या फ्रेंचमध्ये यापासून 'पर्वा असणे' या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्याला नकार जोडून 'नॉनशलंट' हा शब्द तयार झाला. कशाचीच धग न लागणारा, बेपर्वा, असा तो माणूस. इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो परिचित असेल. कातालान भाषेत तर ही धग आणखी पुढे गेली. तेथे 'काल' म्हणजे 'पाहिजे', 'अवश्य आहे'. 'काल एस्तुदिआर' म्हणजे 'अभ्यास करावयास हवा'. उष्णतेपासून पर्वा, पर्वेपासून गरज! परीक्षेच्या आदल्या रात्री हा अर्थविकास विद्यार्थ्यांच्या चटकन ध्यानात येतो.

गावांच्या नावांतही हा शब्द गोठून राहिला आहे. जेथे जेथे रोमनांना ऊन पाण्याचे झरे सापडले, तेथे तेथे 'काल्दा' नाव धरून बसला. पोर्तुगालमध्ये काल्दास द राइन्या या नावाचे शहर आहे. त्याचा अर्थ 'राणीची ऊन पाणी'. राणी लिओनोर हिने १४८५ साली तेथील झऱ्यांवर रुग्णालय स्थापिले, त्यावरून हे नाव. स्पेनमध्ये काल्दास, काल्देस अशी अनेक गावे आहेत. फ्रान्सच्या डोंगराळ भागात शोदझेग नावाचे गाव आहे. त्याच्या नावाचा अर्थही 'ऊन पाणी' हाच, आणि तेथील एका झऱ्याचे पाणी ८२ अंश सेल्सियसइतके कढत असते. याचा जोड आपल्या कोकणात नाही काय? राजापूरजवळ उन्हाळे आहे, दापोली तालुक्यात उन्हवरे आहे. दोन्ही ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत आणि दोन्ही नावांत 'ऊन' शब्द बसलेला आहे. रोमन शिपाई आणि कोकणी शेतकरी यांची कधी गाठ पडली नाही. पण वाफाळणारा झरा पाहून दोघांना एकच नाव सुचले.

शास्त्रज्ञांनी या शब्दाला सर्वांत शेवटी हात घातला. १७८७ साली लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली, तेव्हा उष्णता हा एक वजनरहित द्रव आहे अशी समजूत होती. त्या कल्पित द्रवाला त्यांनी 'कालोरिक' हे नाव दिले. द्रवाची कल्पना पुढे खोटी ठरली. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोला क्लेमाँ याने याच मुळापासून उष्णता मोजण्याच्या एककाला 'कॅलरी' हे नाव दिले, आणि ते टिकले. १९४८ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेचे एकक म्हणून ज्यूल स्वीकारला. एक कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल. तरीही आहाराचा हिशेब सांगताना लोकांच्या तोंडी कॅलरीच आहे. लोक आपला शब्द सहजासहजी सोडीत नाहीत, याचा हा आणखी एक दाखला.

आता घरी परत येऊ. आमच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला उत्तर द्यावयाचे अजून राहिले आहे.

संस्कृतमधील 'उष्ण' शब्द लोकांच्या तोंडी गेला, तेव्हा त्याचेही 'कालिदा'सारखेच झाले. प्राकृतात 'ष्ण' या जोडाक्षराचा नियमाने 'ण्ह' होतो. 'कृष्ण'चा 'कण्ह' झाला व त्यातून आपला कान्हा आला. 'तृष्णे'ची 'तण्हा' झाली. 'उष्ण'चा 'उण्ह' झाला. या 'उण्ह'पासून मराठीत 'ऊन' झाले. त्यातला 'ह' एकटा उभा असता गळला, पण 'उन्हात', 'उन्हाळा' या रूपांत अजून डोकावतो. कोंकणीने तो 'ह' गाळला नाही. उचलून शब्दाच्या आरंभी नेऊन ठेवला आणि 'हून' असा शब्द केला. तेव्हा 'हून' हा 'ऊन'चा बिघाड नव्हे. दोघेही 'उण्ह'चे पुत्र; एकाने 'ह' टाकला, दुसऱ्याने जपला.

कोणी म्हणेल, 'ह'ची अशी उचलाउचल हा गावंढळपणा झाला. तर मग 'तण्हा' या शब्दाचे काय झाले ते पाहा. मराठीत त्याचे 'तहान' झाले. येथे मराठीने 'ह' उचलून पुढे आणला आहे! आणि कोंकणीने तो टाकून देऊन 'तान' असे म्हटले आहे. म्हणजे 'ऊन'च्या बाबतीत जे कोंकणीने केले, तेच 'तहान'च्या बाबतीत मराठीने केले. दोन बहिणींनी आईचे दागिने वाटून घेतले. एकीकडे पाटल्या गेल्या, दुसरीकडे सरी. 'उष्णकाल' मराठीने घेऊन 'उन्हाळा' केला; 'ग्रीष्म' कोंकणीने घेऊन 'गीम' केला. इटलीने 'काल्दो' घेतला व स्पेनने 'कालिएन्ते' घेतला, त्याचीच ही आपल्या घरातील आवृत्ती.

आणि आम्ही काट मारून वर कोणता शब्द लिहिला होता? 'गरम'! हा शब्द फारसीतून आपल्याकडे आलेला. तो परका म्हणून त्याज्य, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. 'घाम' ज्यापासून झाला त्या संस्कृत 'घर्मा'चा तो इराणी भाऊच आहे आणि मराठीत तो केव्हाच घरचा झाला आहे. परंतु संस्कृतपासून सरळ वारशाने आलेला शब्द आम्ही अशुद्ध म्हणून खोडला आणि त्याच्या जागी बाहेरून आलेला शब्द शुद्ध म्हणून बसविला, तेही शुद्धतेच्या नावाखाली, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करून गेली.

याचा अर्थ नियम नकोत, असा कोणी घेऊ नये. मराठी निबंधात मराठीचे प्रमाण रूप यावयास हवे. नाहीतर गोव्याचे लेखन बेळगावात, आणि बेळगावचे इंदुरात कसे वाचले जाईल? त्या अनामिक रोमन शिक्षकालाही आम्ही हसत नाही. त्याच्यामुळेच तर लोक त्या काळी कसे बोलत हे आज आपल्याला कळते. चुका म्हणून त्याने जे टिपून ठेवले, ते पुढच्या भाषांच्या जन्माचे टिपण ठरले. मात्र त्याची एक गफलत आमच्याकडूनही झाली. 'येथे हे रूप योग्य नाही' आणि 'हा शब्दच चूक आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले वाक्य शिक्षकाने अवश्य उच्चारावे. दुसरे उच्चारले की, मुलाच्या वहीतला एक शब्द खोडला जात नाही, त्याच्या आईच्या तोंडचा शब्द खोडला जातो. मग ते मूल शाळेत एक शब्द कमी लिहिते एवढेच नव्हे, तर घरी एक शब्द लाजत बोलते. ही हानी अर्ध्या गुणाने भरून निघणारी नाही.

आम्ही ती वही पुन्हा मागून घेतली. तांबडी काट तशीच होती. ती पुसता येण्याजोगी नव्हती. तिच्याशेजारी निळ्या शाईने लिहिले : "हून — कोंकणी, मराठीत 'ऊन'. दोन्ही 'उष्ण'पासून." कापलेला अर्धा गुण परत दिला. मुलाने ते वाचले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "सर, मग 'तान'सुद्धा 'तहान'ची बहीण का?" त्याला आमची आवश्यकता उरली नव्हती; वाट त्याची त्यालाच सापडली होती.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, सुट्टीत एवढे करा. आपल्या आजीच्या, शेजाऱ्यांच्या, बाजारातील मावशींच्या तोंडी ऊन, थंडी, तहान, भूक यांसाठी कोणकोणते शब्द येतात, ते ऐका व वहीत उतरून ठेवा. त्यांपैकी शुद्ध कोणता व अशुद्ध कोणता, हे ठरविण्याची घाई करू नका. त्याचा बाप कोण, भाऊ कोण, तो कोणत्या वाटेने आला, हे विचारा. वही शाळा उघडल्यावर आमच्याकडे आणा. आम्ही ती तपासू. मात्र या खेपेस तांबडी शाई जवळ ठेवणार नाही.